मापाडीमामांचा एक इंच

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची माहितीपुस्तिका दरवर्षी मी लिहिते आणि बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी ग्रंथपाल. फार पूर्वीच्या एका प्राचार्यांना वाटलं, जिच्या ताब्यात इतकी पुस्तकं आहेत तिला सोळा पानं लिहायला काय जड जाणार. ते प्राचार्य निवृत्त झाले, पुस्तिका माझ्या गळ्यात राहिली. हंगाम सुरू व्हायच्या आधी ती सगळ्या कॉलेजांना जाते. त्यात प्रत्येक खेळाडूचा फोटो, जर्सीचा नंबर, उंची आणि ‘यंदाच्या अपेक्षा’ असा चार ओळींचा मजकूर असतो. या चार ओळी लिहिताना माझ्या नाकी नऊ येतात. त्यातून मला सोडवणारा माणूस एकच, मापाडीमामा.

मामा क्रीडाविभागाच्या सामानाची खोली सांभाळतात. ही खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली आहे, त्यामुळे तिचं छत तिरकं आहे आणि दर हंगामात दोन नवे उंच खेळाडू तिथे कपाळावर टेंगूळ आणतात. आत रबराचा, ओल्या मोज्यांचा आणि मुरगळलेल्या पायाला लावायच्या मलमाचा एकत्र वास असतो. जर्स्या नंबरवार टांगलेल्या, बूट मापवार लावलेले. दाराच्या चौकटीवर पांढऱ्या रंगाने काढलेली मोजपट्टी. ती चार फुटांपासून सुरू होते, कारण मामांच्या मते त्याहून बुटका माणूस बास्केटबॉल खेळायला येत नाही आणि उगाच रंग कशाला घालवायचा. दर वर्षी हंगामाआधी मामा एकेकाला त्या चौकटीला टेकवतात, डोक्यावर जाड शब्दकोश आडवा ठेवतात, पेन्सिलीने बारीक रेघ मारतात आणि रेघेपुढे नंबर आणि साल लिहितात. सत्तावीस वर्षांच्या रेघा आहेत त्या चौकटीवर. शब्दकोश माझ्या ग्रंथालयाचा आहे. मामांनी तो अठरा वर्षांपूर्वी एका दिवसासाठी नेला होता.

मापात हा माणूस कोणाच्या बापाचं ऐकत नाही. जावई बघायला आला तेव्हा तो बोलता बोलता म्हणाला, माझी उंची सहा फूट. मैदान दाखवतो म्हणून मामा त्याला कॉलेजात घेऊन आले आणि चौकटीला उभा केला. पाच फूट अकरा भरला. घरी जाऊन मुलीला म्हणाले, मुलगा चांगला आहे, फक्त एक इंच खोटा आहे, तेवढं चालेल का ते तू ठरव. मुलीने चालवून घेतलं. जावई मात्र अजूनही सासऱ्याच्या घरात भिंतीला टेकून उभा राहत नाही. मामी शिवणकाम करतात, संघाच्या चड्ड्या त्याच शिवतात. मला एकदा म्हणाल्या, “माप मी पण घेते हो, पण माणूस पोट आत घेतो तेव्हा मी दुसरीकडे बघते. ह्यांना तेवढं जमत नाही.”

उंचीच्या बाबतीत सगळ्याच कॉलेजांचा एक अलिखित रिवाज आहे. पुस्तिकेत प्रत्येक खेळाडूला दोन इंच वाढवून द्यायचे. समोरचेही वाढवतात, आपणही वाढवतो आणि वाचताना सगळेच दोन वजा करतात. मामा मला खऱ्या उंचीची चिठ्ठी देतात, खाली सही करतात. मी प्रत्येक आकड्यात दोन मिळवते आणि छापायला देते. छापलेली पुस्तिका मामा हातातही घेत नाहीत. सही चिठ्ठीवर आहे, म्हणतात, त्या कादंबरीवर नाही.

‘अपेक्षा’ मात्र ते सांगतात आणि त्या ते खेळ बघून सांगत नाहीत, बूट बघून सांगतात. खेळाडूने परत केलेला बूट उलटा करायचा, तळ बघायचा, अंगठा फिरवायचा, की झाला निकाल. यंदाही ते माझ्यासमोर एकेक बूट उलटा करत बसले होते. सहा फूट चार इंचांचा ‘खांब’: “वर्षभर वापरलाय, पण दुकानात परत केला तर घेतील. जिथे उभा केला तिथे उभा.” मी लिहिलं, ‘बास्केटखालचा भक्कम आधार.’ सहा फूट दोन इंचांची ‘शिडी’: टाच झिजलेली, म्हणजे बॉल आला की हा मागे सरकतो. मी लिहिलं, ‘सावध खेळाडू.’ ‘वकील’, जो पंचांशी वाद घालण्यातच अर्धा दमतो: दोन्ही चवडे सारखे झिजलेले, गडी बरा. ‘घड्याळ’, जो वेळ संपायला दोन सेकंद राहिल्याशिवाय बॉल फेकतच नाही: उजवा चवडा झिजलेला, नेम चांगला. आणि मग ‘दुधी’, पहिल्या वर्षाचा, सहा फूट एक इंच, लांब आणि मऊ, बॉलला टप्पे देताना तो बॉलकडे बघतो ते बॉल निसटून जाईल म्हणून नाही, चावेल म्हणून. त्याच्या बुटाबद्दल मामा एवढंच म्हणाले की लेस छान बांधतो.

शेवटी ‘वाटाणा’, लहानखुरा आणि सतत घरंगळणारा, त्याचा बूट आला. मामांनी तो उलटा केला आणि मला दिला. तळाचं नक्षीकाम गुळगुळीत झालं होतं, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. हा मुलगा एका जागी थांबतच नव्हता. “हा पळत नाही मॅडम, हा सगळ्यांना पळवतो,” मामा म्हणाले. वाटाणा शेवटच्या वर्षाला होता. बॉल पुढे नेऊन खेळ लावायची जागा त्याची, पण दोन वर्षं तो एका सीनियरच्या मागे बाकावर बसला, कारण तो सीनियर पासच होत नव्हता. यंदा तो एकदाचा पास झाला. वाटाण्याची पाळी आली होती आणि ती याच वर्षी होती, पुढच्या वर्षी तो कॉलेजातच नसणार. शिवाय मोजे धुऊन, जोडी लावून परत करणारा सत्तावीस वर्षांतला हा दुसराच खेळाडू. मामा उघड कोणाची बाजू घेत नाहीत, पण त्याला मोजे नेहमी नवे मिळायचे.

आणि नेमके यंदाच नवे प्रशिक्षक आले. ते याच कॉलेजचे जुने विद्यार्थी, चौदा वर्षांपूर्वी याच संघातून खेळलेले, आता छातीवर शिट्टी आणि हातात टॅब. पहिल्याच दिवशी त्यांनी सामानाच्या खोलीसमोरच्या फळ्यावर नियम लावला: पहिल्या पाचात पाच फूट दहा इंचांखालचा एकही खेळाडू नको. आता खेळ बदललाय, म्हणाले, उंचीशिवाय काही नाही. मामांना ते ‘अहो स्टोअर’ अशी हाक मारत. मामाही त्यांना ‘सर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत. एके काळी याच माणसाच्या सुजलेल्या घोट्यावर मामांनी मलम चोळलं होतं, पण त्याचा विषय दोघांपैकी कोणी काढला नाही.

उंची घ्यायचा दिवस आला. सरावानंतर संध्याकाळी एकेक जण चौकटीला टेकला. खांब, शिडी, दुधी निवांत पार. वकील पाच फूट पावणेअकरा. घड्याळ बरोबर पाच फूट दहा. रेघ पडली तसा त्याने रोखलेला श्वास सोडला. मग वाटाणा. शब्दकोश डोक्यावर टेकला. मामांनी वाकून बघितलं, चष्मा पुसून परत बघितलं.

पाच फूट साडेनऊ.

वाटाण्याने मोज्यांची जोडी मामांच्या हातात दिली आणि तो गेला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी आधी चिडते. मी मामांना म्हटलं, अर्धा इंच तर आहे, लिहा दहा, मी दर वर्षी प्रत्येकाला दोन-दोन इंच फुकट वाटते, माझा हात काही झडला नाही. मामा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी मामींना सोडून द्या म्हटलं.

“मॅडम, सत्तावीस वर्षांत एकालाही केसभर जास्त दिलेलं नाही. जावयालाही नाही.”

मग त्यांनी चिठ्ठीवर ‘पाच फूट साडेनऊ’ लिहिलं, पण सही केली नाही. पेन्सिल कानावर ठेवून ते बराच वेळ फळ्यावरचा नियम वाचत बसले. मग मला विचारलं, यात वेळ लिहिलीय का कुठे? मला कळेना. तेव्हा त्यांनी खुलासा केला. फार वर्षांपूर्वी, हाताला काम नव्हतं तेव्हा, त्यांनी वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःची उंची घेतली होती. माणूस सकाळी लांब असतो. दिवसभर उभं राहून, चालून, उड्या मारून पाठ दबते आणि संध्याकाळपर्यंत अर्धा इंच जातो. रात्री झोपला की परत येतो. “उंची किती हवी ते सरांनी लिहिलंय. कधीची हवी ते लिहिलेलं नाही.” बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी फक्त उशिरा पुस्तक परत करून दंड चुकवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर बघितला होता.

पण अडचण अशी होती की वाटाण्याचं वसतिगृह मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. उठला, चालत आला, की अर्ध्यातला अर्धा वाटेतच खर्च. म्हणून मामांनी फर्मान काढलं: पोराने उठायचंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खांब, शिडी, वकील आणि घड्याळ प्रथमोपचाराचं स्ट्रेचर घेऊन त्याच्या खोलीत गेले, त्याला गादीवरून आडवाच्या आडवा सरकवून घेतला आणि वर चादर टाकली, कारण गारठा होता. खांब आणि घड्याळ एका बाजूला आल्याने स्ट्रेचर तिरकं झालं, तेव्हा चादर वाटाण्याच्या तोंडावर आली. हात हलवायची त्याला परवानगी नव्हती, त्याने ती तशीच राहू दिली.

फाटकाजवळ पहारेकऱ्याने ही मंडळी येताना बघितली. त्याने टोपी काढली आणि मान खाली घालून उभा राहिला. स्ट्रेचर समोरून जाताना त्याने हलकेच विचारलं, कोण गेलं. चादरीखालून आवाज आला, “मी अजून जायचोय काका, मोजायला चाललोय.” पहारेकरी मटकन खाली बसला. त्याला पाणी द्यायला वकील थांबला, त्यामुळे उरलेली वाट एका कोपऱ्याशिवायच पार पडली. मी हे सगळं सामानाच्या खोलीच्या दारातून बघत होते. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. प्रशिक्षकांनाही बोलावलं होतं, पण कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

कपाट उभं करतात तसा वाटाण्याला पायाकडून जमिनीला टेकवला आणि डोक्याकडून हळूहळू उचलत चौकटीला लावला. मामांनी शब्दकोश ठेवला. पाच फूट दहा. बरोबर दहा, वर केसभर. वाटाणा हसला आणि मामांनी त्याला दटावलं की हसू नको, गाल वर जातात तसं डोकंही हलतं.

प्रशिक्षक लाल झाले. ही फसवणूक आहे, म्हणाले, सामने संध्याकाळी असतात. मामा शांतपणे म्हणाले, नियमात तसं लिहा सर, मी पाळतो. यावर सरांनी खिशातून स्टीलची टेप काढली. तुमच्या रंगवलेल्या पट्टीवर माझा भरवसा नाही, म्हणाले, आणि टेपचं टोक जमिनीला लावून वर ओढली. वाटाणा तसाच उभा, शब्दकोश तसाच डोक्यावर.

टेपवर पाच फूट नऊ आले.

वकिलाने टेप बघितली, मी बघितली. टेप नवीकोरी होती. मग मामांनी स्वतः टेप घेतली आणि चौकटीवरच्या पाच फुटांच्या खुणेपासून खाली जमिनीपर्यंत सोडली. चार फूट अकरा. पुन्हा सोडली. चार फूट अकरा. पट्टी खालून एक इंच कमी होती. मामा खाली बघू लागले, आम्हीही बघू लागलो, आणि तिथे बघण्यासारखं एकच होतं, फरशी.

अकरा वर्षांपूर्वी सुट्टीत त्या खोलीत नवी फरशी बसवली होती. जुनी काढली नव्हती, तिच्यावरच बसवली. मामा गावाला गेले होते. परत आले तेव्हा दार लागेना, खाली घासायचं. तेव्हा त्यांनी स्वतः रंधा आणून दार खालून इंचभर तासलं, ते नीट लागतं का बघितलं, आणि कामाला लागले. दाराला जमीन वर आलेली कळली, मामांना नाही. अर्ध्या इंचासाठी ज्यांनी काल माझ्याकडे तसं बघितलं, त्यांनी अकरा वर्षं येईल त्याला अख्खा इंच वाटला होता.

मामा बुटांच्या बाकावर बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. वाटाणाच त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, राहू दे मामा, मी बाकावर बसतो, मला सवय आहे. त्या पोराचं ते बोलणं ऐकून मला रडू आलं, आणि प्रशिक्षकांना दोन शब्द सुनवावेत म्हणून मी तोंड उघडलं. पण मामा उठले. कालची चिठ्ठी घेतली, पेन्सिल घेतली.

“चूक माझी आहे सर, तर सगळ्यांनाच लागू होणार. प्रत्येकाचा एक इंच कमी करतो.”

आणि त्यांनी मोठ्याने वाचत कमी केला. खांब सहा फूट तीन. शिडी सहा फूट एक. दुधी सहा फूट. वकील पाच फूट पावणेदहा. घड्याळ पाच फूट नऊ. घड्याळ म्हणालं, म्हणजे मी पण नाही? वकील लगेच वाद घालू लागला, पण पंच कोण ते त्याला ठरवता येईना. बाकावरचे राखीव खेळाडू तर आधीपासूनच खाली होते. मामांनी यादी पुढे केली. “सर, नियमाप्रमाणे तीन उरतात. खांब, शिडी आणि दुधी. बाकी दोन कुठून आणायचे ते तुम्ही सांगा, मी जर्स्या काढून ठेवतो.”

प्रशिक्षक यादीकडे बघत राहिले. जागच्या जागी उभा राहणारा एक, मागे सरकणारा एक आणि बॉलला घाबरणारा एक. पाचाचं गणित त्यांनी मनात दोनतीनदा मांडून बघितलं असावं, कारण त्यांचे ओठ हलत होते. मग म्हणाले, तुमच्या या चौकटीवरचं काहीच खरं नाही तर.

“अकरा वर्षांच्या आतलं नाही. त्याआधीचं सगळं खरं आहे,” मामा म्हणाले. त्यांचं बोट चौकटीवरून जुन्या रेघांमधून खाली सरकत एका ठिकाणी थांबलं. सात नंबर, चौदा वर्षांपूर्वीचं साल. प्रशिक्षक या संघात सात नंबरची जर्सी घालायचे, हे त्यांनी स्वतःच पहिल्या भाषणात सांगितलं होतं. रेघ होती पाच फूट पावणेनऊ. त्या वर्षीची पुस्तिका माझ्या कपाटात आहे, तिच्यात त्यांची उंची पाच फूट पावणेअकरा छापली आहे. ते दोन इंच मीच दिले होते.

मामा हळू आवाजात बोलले, आणि त्यांनी ‘सर’ म्हटलं नाही.

“तेव्हाच्या सरांनी मला विचारलं होतं, हा बुटका घेऊ का पाचात. मी तुझी उंची सांगितली नाही. तुझे बूट दाखवले. मोज्यांची जोडी लावून परत करणारा पहिला तू.”

प्रशिक्षकांनी टेप गुंडाळून खिशात टाकली आणि ते निघून गेले. दुपारी फळ्यावर पहिल्या पाचांची यादी लागली, तिच्यात वाटाणा होता आणि दुधी बाकावर. नियमाचा कागद कोणीतरी काढून नेला होता. दुधीला सगळ्यांत जास्त आनंद झाला.

मामांना चैन पडेना. पट्टी खरवडून त्यांनी नवी रंगवली. मग अकरा वर्षांतल्या सगळ्या खेळाडूंना फोन लावायला बसले, की बाबांनो, तुम्ही एक इंच कमी आहात. त्यातला एक आता चांगला मोठा अधिकारी आहे. तो म्हणाला, मामा, मी त्या इंचावरच इथवर आलोय, आता परत मागू नका. जावयाला सांगावं की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. मामी म्हणाल्या, बिचारा आधीच भिंतीला टेकत नाही, आता बसेल तरी का. मामांनी सांगितलंच. जावई म्हणाला, तरी मला वाटायचंच, तुमच्या मापात मी जरा जास्त उंच वाटतो.

पुस्तिकेसाठी मामांनी मला खऱ्या उंचीची चिठ्ठी दिली आणि पहिल्यांदाच अट घातली की हीच छापायची, एक इंचही वाढवायचा नाही, मग मी कादंबरीवरही सही करतो. वाटाण्याला त्यांनी विचारलं, सकाळची लिहू की संध्याकाळची. तो म्हणाला, संध्याकाळची लिहा, सामना संध्याकाळी असतो. पाच फूट साडेआठ. मी तसंच छापलं. पुस्तिका सगळ्यांना गेली, आणि पहिल्या सामन्यातल्या समोरच्या संघाने ती वाचून रिवाजाप्रमाणे प्रत्येकाचे दोन इंच वजा केले. त्यांना वाटलं, आपल्याशी खेळायला शाळेतली मुलं येतायत. त्यांनी आपले चांगले दोन खेळाडू विश्रांतीसाठी बाहेर ठेवले. वाटाण्याने उरलेल्यांना इतकं पळवलं की त्या दोघांना आत आणेपर्यंत अकरा गुणांची आघाडी झाली होती. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. मला खेळ कळत नाही, पण तीन गुण कळतात.

मामा सामना बघत नाहीत. ते पायऱ्यांखाली आपल्या खोलीत बसून वरच्या पायांचा आवाज ऐकतात. सामना संपल्यावर मी पुस्तिकेवर सही घ्यायला गेले तेव्हाही त्यांच्या डोक्यावर छतातून धूळ पडत होती आणि ते समाधानाने ती झटकत होते. एवढ्यात वाटाणा आला, मोजे जोडी लावून ठेवले आणि गेला. त्याच्यामागे प्रशिक्षक आले. त्यांनी बूट काढले आणि नव्या पट्टीला पाठ लावून उभे राहिले.

मामांनी शब्दकोश घेतला. डोक्यावर टेकवला, चष्मा पुसला, वाकून बघितलं.

“पाच फूट साडेआठ. इतक्या वर्षांत पाव इंच घालवलास.”

तिथे नुकतीच मारलेली वाटाण्याची रेघ होती, पुढे त्याच्या जर्सीचा नंबर, सात. मामांनी दुसरी रेघ मारली नाही, त्याच रेघेपुढे आणखी एक सात लिहिला. प्रशिक्षक वळून त्या रेघेकडे बघत राहिले. मग बूट घालता घालता, प्रशिक्षक झाल्यापासून पहिल्यांदाच मामा म्हणून हाक मारत, त्यांनी विचारलं:

“मामा, सकाळी येऊ का?”